गादी घेताय? आधी वजन विचारा

लग्नसराई जवळ आली की गादीच्या दुकानांतील वर्दळ वाढते. एके काळी हा व्यवहार सोपा होता. दारावर आलेला पिंजारी जुना कापूस पिंजून देई आणि तीच गादी पुन्हा काही वर्षे चाले. आता दुकानात काथ्या, फोम, लेटेक्स, स्प्रिंग आणि 'मेमरी फोम' असे प्रकार मांडलेले असतात, किमतीत कित्येक पटींचा फरक असतो आणि आतले सामान कापडाच्या आवरणात शिवून बंद झालेले असते. ग्राहकाची फसगत होते ती नेमकी येथे.

बाजारातील बहुसंख्य गाद्यांमध्ये कमीअधिक प्रमाणात फोम असतो. त्याचा टिकाऊपणा मुख्यत्वे घनतेवर, म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन किती किलो यावर अवलंबून असतो. घनता आणि कडकपणा या भिन्न गोष्टी आहेत, हे अनेक विक्रेतेही सांगत नाहीत. कमी घनतेचा फोमही दुकानात हाताला कडक लागू शकतो. मात्र काही महिन्यांतच कमरेच्या जागी खड्डा पडतो. याची पडताळणी घरच्या वजनकाट्यावरही करता येते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड गादीचे आकारमान सुमारे ०.१७ घनमीटर होते. घनता ३२ असल्याचे सांगितले असेल, तर निव्वळ फोमचे वजन साडेपाच किलोच्या आसपास भरले पाहिजे. ४० असेल तर पावणेसात किलो. गादी आवरणासह चार किलोच भरली, तर विक्रेत्याला जाब विचारण्यास हरकत नाही. अर्थात, वजन वाढविण्यासाठी फोममध्ये चुनखडीची भुकटी मिसळण्याचे प्रकारही होतात. त्यामुळे वजन कमी भरणे हा दोषाचा पुरावा ठरतो. पुरेसे भरणे ही गुणवत्तेची खात्री मात्र नव्हे. आवरणाला चेन असेल तर ती उघडून पाहावे. आत रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटविलेले दिसले, तर तो टाकाऊ फोमपासून बनविलेला 'बॉन्डेड' थर समजावा. तो वाईटच असतो असे नाही, पण त्यासाठी नव्या फोमचे दाम मोजू नयेत.

पाठदुखीला कडक गादीच हवी, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. स्पेनमध्ये दीर्घकालीन कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ९० दिवसांनंतर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम मिळाल्याचे आढळले. आवरणावरील 'ऑर्थोपेडिक' या शब्दाला भुलून जास्त पैसे देण्याचेही कारण नाही. केवळ त्या शब्दाने गादीला वैद्यकीय मान्यता असल्याचे सिद्ध होत नाही. दुकानात दोन बोटांनी दाबून पाहण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे नेहमीच्या कुशीवर पडून पाहावे. संकोच वाटतो खरा, पण पुढची काही वर्षे त्याच गादीवर काढायची असतात. तान्ह्या बाळासाठी मात्र मऊ गादी घेऊच नये. त्याला सपाट आणि घट्ट पृष्ठभागच सुरक्षित.

हवामानाचाही विचार हवा. फोम उष्णता धरून ठेवतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते असह्य होते. तेथे कापसाची गादी सुसह्य वाटते. काथ्याच्या गादीत हवा खेळते, पण कोकणातील पावसाळ्यात भिंतीलगतच्या बंद पलंगावर तिला बुरशीचा धोका असतो. कापसाची गादी उन्हात घालणे हितकारक, तर फोम आणि लेटेक्सला कडक ऊन सोसत नाही.

गावोगावचे 'गादी कारखाने' अद्याप तग धरून आहेत, आणि त्यांचा एक मोठा फायदा आहे. कापूस डोळ्यांसमोर तोलून, पिंजून भरून घेता येतो. तयार स्वस्त गादीत मात्र कापसाच्या नावाखाली कपड्यांच्या चिंध्यांचा भुगा असू शकतो.

पलंग सुताराकडून करून घेतलेला असेल, तर त्याचे आतले माप स्वतः घ्यावे. अर्ध्या इंचाच्या फरकानेही गादी बसत नाही. घरात वृद्ध असतील तर जाडीही पाहावी. गादीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

हमीपत्रावरील वर्षांचा आकडा मोठा असतो, अटी बारीक अक्षरांत असतात. डाग पडल्यास किंवा खालची फळी सलग नसल्यास हमी नाकारली जाऊ शकते. काही कंपन्या शंभर रात्री वापरून परत करण्याची सवलत देतात. परत नेण्याचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारावे. घनता, थरांचा तपशील आणि जाडी पक्क्या पावतीवर लिहून घ्यावी. तक्रारीची वेळ आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो आणि तेथेही पहिली विचारणा पावतीचीच होते.