चौघांचं एक मीटर

खेळ अजून पुठ्ठ्यावरच आहे. पत्ते कात्रीने कापलेले, त्यांवरचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले, कारण खेळून पाहताना चुकीचा ठरलेला आकडा तिथल्या तिथे खोडायचा असतो. चार खेळाडू म्हणजे एक घर. घराला मीटर एक आणि पैशांचा डबाही एकच. महावितरणच्या घरगुती दरांचा पहिला टप्पा शंभर युनिटांवर संपतो. त्याच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला डब्यातून जास्त पैसे जातात. महिना संपायच्या आत डबा रिकामा झाला तर चौघंही हरले.

सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध खेळायचं, ही रीत मॅट लीकॉक यांच्या २००८ सालच्या ‘पँडेमिक’ने घरोघरी नेली. पुढे त्यांनीच मत्तेओ मेनापाचे यांच्याबरोबर हवामान बदलावर ‘डेब्रेक’ हा खेळ केला. अशा खेळांचं जुनं दुखणं म्हणजे, एक जाणता खेळाडू सगळ्यांच्या चाली ठरवतो आणि बाकीचे नुसते पत्ते टाकतात. घरातल्या विजेवरच्या खेळात तर हे दुखणं लगेच डोकं वर काढतं, कारण त्या जाणत्याची खुर्ची घरात आधीच ठरलेली असते.

चाचणीच्या वेळी खेळ बनवणाऱ्यांनी तोंड उघडायचं नसतं. नियम कुणाला कळला नाही तरी समजावायचा नाही. कुठे अडलं एवढंच टिपायचं. हे फार जड जातं, पण सगळं शिक्षण तिथेच आहे. एका फेरीत वडीलधाऱ्यांनी पहिल्याच चालीत फर्मान काढलं: मोबाईलचे चार्जर काढा, मिक्सर कमी लावा. पाच वॉटचा चार्जर रोज तीन तास चालला तरी महिन्याला अर्धं युनिटही होत नाही. साडेसातशे वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं फिरला तर चारच्या आत. मिक्सर आवाज करतो म्हणून राग त्याच्यावर. डोक्यावर मुकाट फिरणारा ७५ वॉटचा जुना पंखा मात्र रोज बारा तासांच्या हिशोबाने महिन्याला २७ युनिटं घेतो. असे दोन पंखे असले की शंभरातली निम्म्याहून जास्त तिथेच संपली.

ते डोळ्यांना दिसावं म्हणून पटावर लाल टिकल्या आहेत. खऱ्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, आणि अनेक मीटरांवर ३२०० हा आकडा छापलेला असतो: इतक्यांदा लुकलुकला की एक युनिट. घरात फक्त तो जुना पंखा चालू असेल तर दिवा पंधरा सेकंदांनी एकदा लागतो. दोन किलोवॅटचा गिझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोनदा. फेरी संपल्यावर मुलं जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन हे मोजतात. ही भर त्यांचीच, नियमांत ती नव्हती.

सगळ्यात महत्त्वाचा बदल आजीच्या पत्त्यामुळे झाला. आजी दिवसभर घरात, म्हणून तिचा पंखा सर्वांत जास्त तास चालतो. हिशोबात हुशार असलेल्या गटांनी तोच आधी बंद केला, आणि ते जिंकले! उकाड्यात म्हातारं माणूस बसवून मिळालेला असा विजय आम्हाला मान्य नव्हता. बचत किती झाली याच्याइतकंच ती कुणाच्या वाट्याची गेली हे विचारणारा खेळ आम्हाला हवा आहे. म्हणून प्रत्येकाला सोयीचे पाच मणी दिले. एकाचेही मणी संपले तर सगळं घर हरतं. शिवाय कुणाला कशाची गरज आहे तो पत्ता झाकलेला राहतो, आणि ज्याचा तोच त्याबद्दल बोलतो. त्यानंतर टेबलावरचं बोलणंच पालटलं. आज्ञा कमी झाल्या, विचारपूस वाढली. “आजी, दुपारी पंखा किती वेळ लागतो तुम्हाला?” हा प्रश्न आजीची भूमिका घेतलेल्या सातवीतल्या मुलाला विचारला गेला आणि त्याने अगदी गंभीरपणे उत्तर दिलं.

आता अडलंय ते २८ वॉटच्या बीएलडीसी पंख्याच्या पत्त्यापाशी. तेवढ्याच तासांत तो महिन्याला दहा युनिटं घेतो, म्हणून जो गट पहिल्याच आठवड्यात तो विकत घेतो तो हरतच नाही. पत्ता महाग केला तर कुणी त्याला हात लावत नाही. पुढच्या चाचणीत तो हप्त्याने घेता येईल, आणि एक घर भाड्याचं असेल: तिथला पंखा बदलायला घरमालकाला विचारावं लागेल.