लहानग्यांच्या बोटातली तार

सिंगापूरच्या उंच इमारतींत खिडक्या उघड्या राहिल्या की वाऱ्याने खोलीचे दार धाडकन आपटते आणि एखाद्या चिमुकल्याचे बोट त्यात सापडते. जरा मोठ्या मुलांच्या बोटांना चेंडू पुरतो. मी हाडांचा डॉक्टर असल्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमांत आईवडील मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "बोट हलतंय, म्हणजे मोडलं नसेल ना?" आणि मोडले असे कळल्यावर दुसरा, "एवढ्याशा बोटात तार कशाला?"

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसून मनगटाच्या वर असतात. त्यांच्या दोऱ्या ओढल्या गेल्या की मोडलेले बोटही हलते. तेव्हा हालचालीवर विसंबू नये, एक्स-रे काढावा. तोही समोरून आणि बाजूने, कारण काही मोडी बाजूच्या चित्रातच नीट दिसतात.

आता तार. मुलांच्या बहुतेक मोडींना ती लागत नाही. शेजारच्या बोटाला पट्टीने बांधले किंवा छोटे प्लास्टर घातले की काम भागते. बोटाच्या प्रत्येक पेरात पंजाकडच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. तिच्याजवळचा थोडा वाकडेपणा मूल वाढताना आपोआप सरळ होतो. पण निसर्ग सगळेच दुरुस्त करत नाही.

हाड स्वतःभोवती फिरले असेल तर ते तसेच जुळते. मूल बोटे अर्धवट मिटू शकले तरी हे ओळखता येते. सगळी बोटे अंगठ्याच्या बुडाकडे वळायला हवीत. एखादे शेजारणीवर चढले तर सावध व्हावे. दुसरी मोड पेराच्या वरच्या टोकाशी, सांध्याच्या लगेच खाली होते. ती कूर्चेपासून दूर असल्याने फारशी सुधारत नाही. तिसरी नखाच्या मुळाशी होते. सीमूर यांनी १९६६ साली वर्णन केलेल्या या दुखापतीत नखाचे मूळ कातडीतून वर आलेले दिसते, रक्त येते आणि टोक खाली झुकते. ही उघडी जखम असते. ती धुऊन, अँटिबायोटिक देऊन हाड बसवावे लागते. तिच्यावर आंबेहळदीचा लेप लावू नये.

तार म्हणजे सुमारे एक मिलिमीटर जाडीची गुळगुळीत सळई. जर्मन सर्जन मार्टिन किर्शनर यांनी १९०९ साली ती प्रचारात आणली, म्हणून तिला के-वायर म्हणतात. मुलाला भूल देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हाड बाहेरूनच बसवतात आणि कातडीतून तार आत सारतात. पुष्कळदा चिराही द्यावा लागत नाही. तार गुळगुळीत असल्याने कूर्चेतून गेली तरी वाढीला सहसा धक्का लागत नाही. टोक बाहेर वाकवून वर प्लास्टर घालतात. तीन-चार आठवड्यांनी ती बाह्यरुग्ण विभागातच काढतात. त्याला सहसा भूल लागत नाही.

तोवर प्लास्टर कोरडे ठेवावे, पोहणे बंद. ताप, पू, दुर्गंधी किंवा वाढती वेदना दिसली तर त्याच दिवशी दाखवावे.

खरी घाई वेगळ्याच कारणासाठी करायची. मुलांचे हाड झपाट्याने जुळते. पहिल्या आठवड्यात जे हाताने सहज बसते, ते दोन आठवड्यांनंतर हलवणे अवघड होते. "सुट्टीत पुण्याला गेल्यावर दाखवू" हा विचार म्हणूनच महागात पडतो. बुकिट तिमा रोडवरच्या केके रुग्णालयात आणि केंट रिजच्या नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात मुलांसाठी स्वतंत्र तातडीचा विभाग आहे. निघताना मुलाला वाटेत दूध-बिस्किटे देऊ नका, भूल द्यायची झाली तर पोट रिकामे लागते. आणि घरी परतल्यावर प्रत्येक दाराला एक अडसर लावा. तो स्वस्त असतो.