घराबाहेरील कॅमेरा : काय पाहावा, काय पाहू नये

घोटीत कॅमेरा ही आता केवळ राईस मिलवाल्यांची किंवा महामार्गावरील हॉटेलवाल्यांची वस्तू राहिलेली नाही. मुले नोकरीनिमित्त नाशिक-ठाण्याला, घरी वृद्ध आईवडील, लग्नसराईत चार दिवस घराला कुलूप. त्यामुळे साध्या तीन खोल्यांच्या घरावरही कॅमेरे दिसू लागले आहेत. आम्ही बँकेत दिवसभर कॅमेऱ्याच्या नजरेखाली बसतो म्हणून की काय, ओळखीची मंडळी आम्हालाच विचारतात, "किती मेगापिक्सेलचा घ्यावा?" आमच्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, कॅमेऱ्याने नेमके काय पाहावे?

दुकानदार बहुधा २.८ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा पुढे करतो. त्यात अंगण, गल्ली, समोरची घरे सर्व एकदम दिसते व गिऱ्हाईक खूश होते. पण येथेच गफलत होते. २ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यावयाचा तर एक मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके मिळावे लागतात. म्हणजे दृश्याची रुंदी पावणेआठ मीटरपेक्षा जास्त होता कामा नये. २.८ ची लेन्स ही मर्यादा तीन-सव्वातीन मीटरवरच ओलांडते. ४ मिलिमीटरची लेन्स साधारण साडेचार मीटरपर्यंत पुरते आणि ६ ची आठ मीटरच्या आसपास. तेव्हा फाटक कॅमेऱ्यापासून पंचवीस फुटांवर असेल, तर २.८ च्या कॅमेऱ्यात माणूस आला इतके कळेल, कोण आला ते कळणार नाही. बँकेतही संपूर्ण दालन पाहणारा कॅमेरा वेगळा आणि काउंटरवरील चेहरा पाहणारा वेगळा असतो, तो याचसाठी. घरी एकच घेणे परवडत असेल, तर तो ज्या वाटेने माणसाला यावेच लागते त्या वाटेवर रोखावा. मागील दार असल्यास दुसरा तेथे.

उंची आठ-नऊ फूट पुरे. दुसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली लावलेल्या कॅमेऱ्यात पावसाळाभर छत्र्या आणि टोप्यांचेच चित्रण होते!

आपल्या भागात पावसाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. इगतपुरी परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खोक्यावर 'आय.पी. ६६' किंवा '६७' लिहिलेले पाहावे. पहिला ६ धुळीसाठी, पुढचा आकडा पाण्यासाठी. मात्र पाणी कॅमेऱ्यातून शिरत नाही, ते जोडणीतून शिरते. म्हणून जोड बंद डबीत ठेवावेत आणि वायर भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाते. रात्री कॅमेरा स्वतःचा अदृश्य प्रकाश टाकून पाहतो. हा प्रकाश धुक्यावर, पावसाच्या धारांवर, जवळच्या पत्र्यावर किंवा कोळ्याच्या जाळ्यावर आपटून परततो व चित्र पांढरेफटक होते. यावर उपाय म्हणजे फाटकावर एक साधा एल.ई.डी. दिवा, तो महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. तोंड पूर्वेला वा पश्चिमेला थेट करू नये, उगवत्या-मावळत्या उन्हात चेहरे काळे पडतात.

आता शेजाऱ्यांविषयी. आपल्याकडे घरे भिंतीला भिंत लावून आहेत. शेजारच्या वहिनी ओट्यावर भांडी घासतात, कोणाची मोरी अंगणातच आहे. कॅमेऱ्याचे तोंड तिकडे असेल तर पिढ्यान्पिढ्यांचा घरोबा एका वायरीने तुटतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला आणि २०२५ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. तो वाद घरातील कॅमेऱ्यांचा होता, तरी रोख ध्यानात यावा. अरुंद दृश्याची लेन्स येथेही कामास येते. फाटकाचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि शेजारचा ओटा चित्राबाहेर राहतो. तरीही कोपरा येत असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत तेवढा भाग काळा करण्याची सोय असते. ती वापरावी, आणि शेजाऱ्यांना बोलावून पडदा दाखवावा. निम्मा संशय तेथेच फिटतो.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा दिवसाला साधारण वीस-बावीस जी.बी. जागा घेतो, चार कॅमेऱ्यांना एक टी.बी.ची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून रेकॉर्डर व कॅमेरे इन्व्हर्टरवर जोडावेत. रेकॉर्डर दर्शनी खोलीत नको, चोर तोच उचलून नेतो. घड्याळ बरोबर असावे. चित्रण पुरावा म्हणून द्यावयाचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, तेव्हा मूळ डिस्कला कोणाला हात लावू देऊ नये.

कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली 'मिराय' नावाच्या प्रोग्रामने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील कॅमेरे ताब्यात घेतले होते.

सर्व बसवून झाल्यावर, कारागिराचे पैसे देण्यापूर्वी, रात्री घरातल्या कोणाला तरी छत्री घेऊन फाटकातून आत यावयास सांगावे. चेहरा ओळखू आला नाही, तर शिडी पुन्हा लावावयास सांगावी.