उलटा रंधा

सुतार रंधा मारतो तेव्हा लाकूड जागेवर असतं आणि पातं पुढं सरकतं. तोच रंधा उलटा करून पक्का बसवला आणि लाकूड त्याच्यावरून सरकवलं, तरी ढलपी तितकीच पातळ निघते. युरोपात लाकडी पिंपं बनवणारे कारागीर शेकडो वर्षं असंच काम करत आले. त्यांचा रंधा चांगला लांबलचक, एका टोकाला पाय लावून तिरपा ठेवलेला, पात्याची धार वर. पिंपाच्या फळ्यांच्या कडा त्याच्यावरून खाली ढकलत सरळ करायच्या. आपल्या ओट्याखालच्या खणात पडलेली काप करायची किसणी, जिला कुणी वेफर्सची किसणी म्हणतं तर कुणी स्लायसर, ती याच उलट्या रंध्याची हातात मावणारी आवृत्ती आहे.

सुताराच्या हत्यारानं स्वयंपाकघरात येणं हे जगभर पुन्हा पुन्हा घडलं आहे. नॉर्वेतल्या लिलेहामर गावचे सुतार थोर ब्योर्कलुंड यांनी १९२५ मध्ये चीजचे पातळ काप काढणाऱ्या हत्याराचं पेटंट घेतलं, तेही रंध्याकडे पाहूनच. जपानी घरांत कडक वाळवलेल्या बोनिटो माशाचे कागदासारखे पापुद्रे काढायची एक लाकडी पेटी असते. तिच्या झाकणावर धार वर करून चक्क रंधाच बसवलेला असतो आणि पापुद्रे खालच्या खणात पडतात. कॅनडात १९९० च्या दशकात ओटावातल्या एका गृहिणीनं केकसाठी संत्र्याची साल किसायला नवऱ्याच्या हत्यारांच्या दुकानातली लाकूड घासायची नवी कानस उचलली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या ‘मायक्रोप्लेन’ किसण्यांचा स्वयंपाकघरातला प्रवास तिथून सुरू झाला.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणी वाटते ती जर्मनी-ऑस्ट्रियातली कोबीची फळी. हिवाळ्यासाठी बरणीत कोबी आंबवायचा तर तो ढिगानं चिरावा लागतो. त्यासाठीच्या लांब लाकडी फळीत दोन-तीन पाती तिरपी बसवलेली असतात आणि फळीच्या दोन्ही कडांच्या खाचांतून एक बिनबुडाची पेटी मागं-पुढं सरकते. अर्धा कोबी पेटीत ठेवायचा, वरून दाबायचा आणि पेटी सरकवायची. बोटं पेटीला धरलेली, पात्यापासून लांब. ही पेटी लक्षात ठेवावी, कारण पुढं किसणी लहान होत गेली तेव्हा नेमकी तीच गळली.

किसणी हातात घेऊन डोळ्यांच्या रेषेत धरली तर तिची युक्ती लगेच कळते. पात्याअलीकडची पाटी पात्याच्या धारेपेक्षा किंचित खाली असते, पलीकडची पाटी धारेच्या बरोबरीनं. बटाटा अलीकडच्या पाटीवरून सरकत येतो, धारेला भिडतो, आणि दोन पाट्यांच्या उंचीत जेवढा फरक तेवढ्याच जाडीची चकती खाली पडते. स्क्रू किंवा खटका फिरवून आपण हलवतो ती अलीकडची पाटी. पातं जिथल्या तिथंच राहतं. चांगल्या किसणीच्या पाटीवर उभ्या बारीक रेघा उठवलेल्या दिसतात, त्या शोभेच्या नाहीत. ओला, पिठूळ बटाटा गुळगुळीत पाटीला चिकटून बसतो. रेघांमुळे खालून हवा खेळते आणि तो न अडखळता सरकतो.

पातं तिरपं किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखं का असतं, याचं उत्तर प्रयोगशाळेतही शोधलं गेलं आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले टोनी अ‍ॅटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चेडर चीज आणि सलामी कापून पाहिली. पातं नुसतं दाबण्याऐवजी ते आडवंही सरकू दिलं, तर कापायला लागणारा दाब झपाट्यानं कमी होतो, असं त्यांनी मोजून दाखवलं. तिरप्या पात्यावर हे आपोआप घडतं. भाजी सरळ ढकलली तरी तिची प्रत्येक पेशी धारेवरून थोडी आडवी घसरते. सरळ, आडव्या पात्याच्या स्वस्त किसणीवर टोमॅटो चिरडतो आणि व्ही पात्यावर त्याची नीट चकती पडते, ती यामुळेच.

आपल्या विळीत हे ज्ञान आधीपासून मुरलेलं आहे. विळीचं पातं बाकदार. भाजी पुढं ढकलली की त्या बाकावरून ती खालीही घसरते, म्हणजे दाबणं आणि सरकणं एकत्र. शिवाय पातं स्थिर आणि भाजी हलती, हे किसणीचं तत्त्व विळीचंही आहे. म्हणून सुरीवर वाढलेल्या स्वयंपाक्यापेक्षा विळीवर हात बसलेल्या बाईला किसणी लवकर आपली वाटते, असं माझं ठाम मत आहे. विळी आणि किसणीत फरक आहे तो नजरेचा. विळीवर धार समोर असते, दोन्ही हातांच्या मधोमध. किसणीवर धार भाजीखाली झाकलेली असते. भाजी संपत आली की हात धारेकडे जातो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

विळी मागं पडली ती धारेत कमी पडली म्हणून नव्हे. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला आणि विळीचा पाट दाबून धरणारं पाऊल तिथं पोचेना. ओट्यावरच्या लहान विळ्या निघाल्या, पण पायानं पाट दाबण्यातला भक्कमपणा त्यांना आला नाही. उभ्यानं करायच्या कामात किसणी सहज बसली. जत्रेतल्या आणि स्टेशनाबाहेरच्या फेरीवाल्यांनी ती घरोघरी नेली. गाजर, काकडी, कोबी भराभर चिरून दाखवत माल विकणाऱ्यांचं कसब खरोखर पाहण्यासारखं असतं.

किसणीचं खरं साम्राज्य मात्र उन्हाळ्यातलं, वाळवणाचं. बटाट्याच्या वेफरला सारखी जाडी लागतेच. जाड चकती बाहेरून वाळते, आत ओली राहते आणि डब्यात बुरशी धरते. फार पातळ झाली तर उकळत्या पाण्यातच विरघळते. दुकानात मिळणारे तळलेले वेफर साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास कापलेले असतात. वाळवणासाठी त्याहून थोडी जास्त जाडी सांभाळून घेते. चकत्या थेट पाण्यात पाडायच्या, कारण कापताना फुटलेल्या पेशींतला स्टार्च बाहेर येतो आणि तो धुतला नाही तर चकत्या एकमेकींना चिकटतात. पाणी नितळ होईपर्यंत ते बदलायचं. जुन्या घरांत त्यात तुरटीचा खडाही फिरवतात.

तरीही वेफर तांबूस झाले, तर दोष किसणीचा नसतो. शीतगृहाच्या कडक थंडीत बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलतो आणि तळताना ती साखर करपते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ हे वाण आणले ते यासाठीच: साखर कमी, घनभाग जास्त.

जाळीचा वेफर ही या हत्याराची सर्वांत सुंदर करामत. त्याचं पातं नागमोडी असतं. एकदा सरकवलं की बटाट्याच्या तोंडावर उभ्या खाचा उमटतात. मग बटाटा पाव फेरा वळवून पुन्हा सरकवायचा. चकतीच्या एका बाजूला उभ्या आणि दुसऱ्या बाजूला आडव्या खाचा येतात, आणि पाटी पुरेशी वर घेतली असेल तर दोन्हीकडच्या खाचा जिथं एकमेकींना गाठतात तिथं भोक पडतं. प्रत्येक वेळी सरकवताना हात वळवायचा, एवढीच साधना.

कच्च्या केळ्याचं तंत्र वेगळंच आहे. केरळात आणि आपल्याकडेही वेफरवाले किसणी कढईवर धरून चकत्या थेट उकळत्या तेलात पाडतात. त्यामुळे चकती काळी पडायला वेळच मिळत नाही. घरी मात्र हे करू नये. त्या माणसांचे हात वर्षानुवर्षं रोज तेच काम करत असतात.

सगळंच किसणीवर करायचा मोह टाळावा. खमंग काकडीला काकडी चोचवूनच घ्यावी. चोचवलेल्या काकडीचे बारीक-जाड तुकडे दाताखाली येतात, त्यात त्या पदार्थाचा जीव आहे. बटाट्याच्या काचऱ्याही हातानंच कराव्यात: पातळ कड कुरकुरीत होते, जाड भाग मऊ राहतो, आणि एकाच घासात दोन्ही मिळतं. उलट बिर्याणीवरच्या तळलेल्या कांद्याला किसणीच हवी, नाहीतर अर्धा कांदा करपतो आणि अर्धा पांढरा राहतो. कांद्यासाठी पातं धारदार असावं, याला आता नवा आधारही आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये वेगवान कॅमेऱ्यानं कांदा कापताना टिपला. बोथट पातं कांद्याची साल आधी दाबतं, मग ती फुटते आणि डोळ्यांत झोंबणारे थेंब जास्त संख्येनं, जास्त वेगानं उडतात. धारदार पात्यानं हळू कापलं तर ते कमी होतात.

बोथट पात्याचा दुसरा धोका मोठा आहे. भाजी अडते, आपण जोर वाढवतो, ती अचानक सुटते आणि हात जोरात पुढं जातो. अंगठ्याचं किंवा करंगळीचं टोक जातं ते अशा वेळी, आणि बहुतेकदा शेवटच्या तुकड्यावर. सुरीची जखम चीर असते, ती कडांनी जुळवता येते. किसणीची जखम म्हणजे चकती असते. जुळवायला कडाच उरत नाहीत. स्वच्छ पाण्यानं धुवून, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं न उघडता दाबून धरायचं आणि हात उंच ठेवायचा. हळद भरू नये, कारण डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. रक्त थांबत नसेल, हाड दिसत असेल किंवा नख फाटलं असेल, तर थेट दवाखाना. आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करायची.

हे टाळणं अवघड नाही. बटाट्याची एक बाजू आधी सुरीनं सपाट करून घ्यायची, म्हणजे तो डुगडुगत नाही. किसणीखाली ओलं फडकं. बोटं वर उचलून तळव्यानं ढकलायचं. कापण्याला दाद न देणाऱ्या विणलेल्या धाग्याचे हातमोजे आता सहज मिळतात. आणि शेवटचा दोन बोटं जाडीचा तुकडा किसणीवर न्यायचाच नाही. तो आमटीत, रश्श्यात, कुकरच्या भांड्यात जातो.

पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. कोबीच्या फळीवरची पेटी हा त्या हत्याराचाच भाग होता, सोबत दिलेली वस्तू नव्हती. आजच्या किसणीबरोबर प्लॅस्टिकची सुटी मूठ येते, दोन आठवड्यांत खणात मागं जाते आणि पुढं सापडत नाही. कित्येक स्वस्त किसण्यांबरोबर तर तीही नसते. फेरीवाल्याच्या प्रात्यक्षिकात अख्खी गाजरं कापली जातात, उरलेलं बुटूक बाजूला पडतं. ते बाजूला का टाकलं, हे मात्र घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. कडांच्या खाचांत अडकवलेला, निघून हरवू न शकणारा धारक, बदलता येणारं पातं आणि खोक्यावर मराठीत ठळक अक्षरांत ‘शेवटचा तुकडा हातानं कापू नका’ एवढी ओळ, हे घरगुती किसणीवर सक्तीचं असावं. त्यानं किंमत थोडी वाढेल. वाढू द्यावी.