आठ आठवड्यांची मराठी

अमेरिकेतील विद्यापीठांचे शैक्षणिक वर्ष मे महिन्यात संपते आणि ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा सुरू होते. मधल्या काळात परदेशी जाऊन पुरा केलेल्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाला तिकडे उन्हाळी अभ्यासक्रम म्हणतात, मग तो ज्या गावी चालतो तेथे त्या दिवसांत कोणताही ऋतू असो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचा पुण्यातील मराठीचा उन्हाळी वर्ग त्यामुळे मृगाच्या सुमारास भरतो आणि श्रावणाच्या आसपास संपतो. वर्ग लहान असतो आणि त्याची बातमी फारशी कुठे येत नाही. तरीही अमेरिकेत मराठीचा अभ्यास ज्या मोजक्या आधारांवर उभा आहे, त्यांपैकी हा एक आहे, आणि आठ आठवड्यांत परकी भाषा कितपत येऊ शकते या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तरही तेथेच मिळते.

अशा वर्गांचा उगम भाषाप्रेमात शोधायला गेल्यास निराशा होईल, कारण तो शीतयुद्धात आहे. सोव्हिएत संघाने ऑक्टोबर 1957 मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिकेत जी घबराट उडाली, तिच्यातून 1958 साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणाने, म्हणजे आजही ‘टायटल सिक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने, तोवर अमेरिकेत क्वचितच शिकवल्या जाणाऱ्या भाषांसाठी सरकारी पैसा उपलब्ध करून दिला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मात्र त्याआधीच, 1948 साली, संस्कृतचे प्राध्यापक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उघडला होता, आणि त्यांच्याच पुढाकाराने 1961 साली अनेक अमेरिकी विद्यापीठांनी मिळून ही इन्स्टिट्यूट स्थापन केली. सुरुवातीच्या काळात संस्थेला मोठा आधार मिळाला तो ‘पी. एल. 480’चा. या कायद्याखाली आलेल्या अमेरिकी गव्हाची किंमत भारताने रुपयांत चुकती केली होती आणि ते रुपये भारतातच खर्च करणे भाग होते. त्यांतले काही संशोधनाकडे व भाषाशिक्षणाकडे वळले, तर काहींतून 1962 पासून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी होऊन अमेरिकी ग्रंथालयांत जाऊ लागली. महाराष्ट्रात पी. एल. 480 म्हटले की रेशनच्या रांगेतला गहू आठवतो; त्याच गव्हाच्या पैशातून मराठी पुस्तके अमेरिकेतील विद्यापीठांच्या कपाटांत पोचली, हे सहसा आठवत नाही.

वर्गाच्या मुदतीमागेही शिष्यवृत्तीचे नियम आहेत. टायटल सिक्सखाली मिळणाऱ्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी अभ्यासक्रम किमान सहा आठवड्यांचा असावा लागतो आणि प्राथमिक किंवा मध्यम पातळीच्या विद्यार्थ्याला किमान 140 तास प्रत्यक्ष अध्यापन मिळावे लागते. साधारण आठ आठवडे आणि आठवड्याचे पाच दिवस रोज सुमारे चार तास, असा घाट या हिशेबात नीट बसतो. येणारे विद्यार्थी बहुधा इतिहास, धर्म किंवा मानववंशशास्त्र या विषयांत संशोधनाची तयारी करणारे असतात. काहींची देवनागरी पक्की असते, काहींनी हिंदीचे एखादे वर्ष केलेले असते, आणि कोणाला महानुभावांचे ग्रंथ वाचायचे असतात तर कोणाला कारखान्यातल्या कामगारांशी बोलायचे असते. त्यांच्याबरोबर कधी अमेरिकेतच वाढलेली मराठी घरातली मुलेही येतात, आणि त्यांची अडचण नेमकी उलटी असते, कारण आजीशी बोलण्यापुरती मराठी त्यांच्या तोंडी असते, पण वर्तमानपत्राचा अग्रलेख समोर आला की अक्षरापासून सुरुवात करावी लागते. अशा दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांना एकाच बाकावर बसवून शिकवणे हे शिक्षकांचे खरे कसब होय.

मराठीतील जी गोष्ट या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त छळते, ती मराठी माणसाच्या कधी लक्षातही आलेली नसते. वर्तमानकाळात क्रियापद कर्त्याबरोबर बदलते, म्हणून पुरुष ‘मी पोळी खातो’ म्हणतो आणि स्त्री ‘मी पोळी खाते’ म्हणते. पण भूतकाळ आला की सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, आणि दोघांनाही ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’ असेच म्हणावे लागते. याचा अर्थ असा की साधे वाक्य धड पुरे करण्यासाठी त्यातील नामाचे लिंग आधीच ठाऊक हवे, आणि पोळी स्त्रीलिंगी का व आंबा पुल्लिंगी का याला पाठांतराखेरीज खात्रीचे उत्तर नाही. त्यावर सामान्यरूपाची भर पडते. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणाऱ्या बदलाला सामान्यरूप म्हणतात, आणि त्यामुळे शब्दकोशात ‘मुलगा’ सापडला तरी वाक्यात ‘मुलाला’ भेटतो. साहजिकच विद्यार्थी पहिल्या पंधरवड्यात ‘मी काम केलो’ असे म्हणतो आणि शिक्षिका ते सुधारतात. गंमत अशी की सोलापूर-लातूरकडचा माणूस घरात अगदी याच धर्तीवर बोलतो. विद्यार्थ्याची चूक ही दुसऱ्या जिल्ह्याची रूढ बोली निघते, आणि प्रमाण भाषा म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी व्याख्यानाशिवाय कळते.

वर्गातील सर्व तास मिळून दीडशेच्या घरात जातात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था हिंदीसारख्या भाषेत कामापुरते प्रावीण्य येण्यास सुमारे 1100 तास धरते, आणि मराठी काही हिंदीहून सोपी नाही. ज्याला आठ आठवड्यांत भाषा ‘येईल’ असे वाटते, त्याची फसगत ठरलेली आहे. पुण्यात राहण्याचा उपयोग वर्गाबाहेरच्या तासांत असतो, आणि तेथेच सर्वांत अनपेक्षित अडथळा उभा राहतो: परक्या चेहऱ्याच्या माणसाशी पुणेकर मराठीत बोलत नाही. दुकानदार हिंदीत उत्तर देतो, शिकलेला मनुष्य इंग्रजीत देतो, आणि रिक्षावाला दोन्ही करून पाहतो. हे सगळे सौजन्यापोटी होते, यात शंका नाही. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने या सौजन्याइतके घातक काही नाही. म्हणून ज्यांचे इंग्रजीवाचून अडत नाही अशा कुटुंबातील मुक्काम, भाजीवालीशी रोजची घासाघीस आणि शेजारच्या आजोबांशी गप्पा यांना पाठ्यपुस्तकाइतकेच मोल येते. आजोबा सहसा वाक्य अर्धवट तोडत नाहीत, ही त्यांची मोठी शैक्षणिक पात्रता होय.

ऋतूचा योगही येथे कामी येतो. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून आणि तुकाराम महाराजांची देहूहून निघते, आणि दोन्ही पुण्यात मुक्काम करतात, ज्ञानोबांची भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबापाशी. पुढे एक दिवे घाट चढून सासवडला जाते, तर दुसरी लोणी काळभोरची वाट धरते. शहरात दोन दिवस जी मराठी कानांवर पडते, ती वर्गातल्या मराठीपेक्षा फार वेगळी असते, कारण तिच्यात परभणीची, नगरची, साताऱ्याची बोली मिसळलेली असते. इरावती कर्वे यांनी वारीत चालून लिहिलेला लेख विद्यार्थ्याने आधी इंग्रजीतून वाचलेला असू शकतो. एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्न्सन यांनी 1988 साली संपादित केलेल्या, महाराष्ट्रातील धर्मजीवनावरील इंग्रजी ग्रंथात तो समाविष्ट आहे. एकाच दिंडीत चालणाऱ्या पण जेवायला वेगळ्या बसणाऱ्या जातींचे कर्व्यांनी जे दर्शन घडवले, त्यानंतर समोरची वारी केवळ नयनरम्य सोहळा म्हणून पाहणे कठीण जाते, आणि ते बरेच आहे.

संपादकांची ही दोन नावे या विषयात टाळता येत नाहीत, जरी त्यांचा अभ्यास एका उन्हाळ्यापुरता नव्हता. झेलियट यांनी 1969 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर प्रबंध पूर्ण केला आणि पुढे मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात अध्यापन केले. बर्न्सन फलटणला आल्या त्या तेथील लोकांच्या बोलण्यातील सामाजिक फरक अभ्यासण्यासाठी. नंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि फलटणमध्येच शाळा उभी केली. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी 1975 च्या सुमारास तयार केलेली मराठीची व्याकरण-वाचनमाला आणि शब्दकोश हे परदेशी विद्यार्थ्याचे आजही हाताशी असलेले साधन आहे. ॲन फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळे यांच्यासह जुन्या मराठीचा कोश केला, जो 1999 साली प्रसिद्ध झाला, आणि हा कोश, बर्न्सन यांचा कोश व 1857 चा मोल्सवर्थचा कोश असे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय कोशसंग्रहात फुकट पाहता येतात. पुण्यातील कित्येक मराठी वाचकही मोल्सवर्थ तेथेच उघडतात.

उन्हाळी वर्ग असे विद्वान घडवतो, असा दावा करता येणार नाही. तो विद्यार्थ्यांतून कोण पुढे जाणार हे ठरवतो, एवढे म्हणता येते. आठव्या आठवड्याच्या शेवटी विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा होते तेव्हा त्याची पातळी फार तर एका पायरीने वर सरकलेली असते. परंतु वाक्य चुकले तरी समोरच्याला ते समजते, हा अनुभव त्याला आलेला असतो, आणि ज्याला तो आला तो वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी परतण्याची शक्यता बरीच वाढते. ज्याला आला नाही, तो सहसा इंग्रजी भाषांतरांवर संशोधन उरकतो, आणि त्यातील उणिवा मराठी अभ्यासकांना पहिल्याच पानावर दिसतात.

ही साखळी पैशाच्या बाबतीत नाजूक आहे. टायटल सिक्सचा निधी 2011 साली सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाला, आणि अशा कपातीची झळ आधी लागते ती कमी विद्यार्थी असलेल्या भाषांना. हिंदीचा वर्ग त्यात तगतो, मराठीच्या वर्गाला दरवर्षी आपले असणे सिद्ध करावे लागते. वॉशिंग्टनमधील अंदाजपत्रकावर पुणेकरांचा काही इलाज चालत नाही. मात्र जून-जुलैमध्ये डेक्कनवर किंवा मंडईत एखादा परका तरुण अडखळत, लिंग चुकवत भाव विचारू लागला, तर त्याला मराठीतच उत्तर द्यावे आणि चूक दुरुस्त करायची झाली तरी तीही मराठीतच करावी, एवढे वाचकांच्या हातात निश्चित आहे.