अभयस्थान : निर्वासितांसाठी उघडलेली ख्रिस्तमंदिरे

‘बेकायदेशीर स्थलांतरित’ हा शब्दप्रयोग आपण वृत्तपत्रांत वारंवार वाचतो. परंतु एखादा माणूस बेकायदेशीर ठरतो तो कोणाच्या निर्णयाने आणि कोणत्या कारणास्तव, याचा विचार आपण क्वचितच करतो. अमेरिकेतील ‘सँक्चुअरी’ म्हणजेच अभयस्थान चळवळीचा इतिहास या प्रश्नावर मोलाचा प्रकाश टाकतो.

१९८० च्या दशकात एल साल्वादोर व ग्वाटेमाला हे देश यादवी युद्धाने होरपळत होते. २४ मार्च १९८० रोजी एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची मिस्साबलिदान अर्पण करीत असतानाच हत्या झाली. जीव वाचविण्यासाठी हजारो लोक मेक्सिकोमार्गे अमेरिकेच्या सीमेवर पोहोचले. छळाची सार्थ भीती असलेल्यांना आश्रय देण्याची तरतूद अमेरिकेच्या १९८० च्या निर्वासित कायद्यात होती. तथापि १९८४ साली या दोन देशांतील अर्जदारांपैकी तीन टक्क्यांहूनही कमी लोकांना आश्रय मिळाला. अमेरिकन शासन तेथील राजवटींना मित्र मानीत होते. पळून आलेल्यांना निर्वासित म्हटले असते, तर मित्रांचे अत्याचार मान्य करावे लागले असते. म्हणून ‘हे केवळ रोजगारासाठी आले आहेत’ असे ठरवून त्यांना परत धाडले जाई.

रोमेरो यांच्या हौतात्म्याच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, २४ मार्च १९८२ रोजी, ॲरिझोनातील टक्सन येथील साउथसाइड प्रेसबिटेरियन चर्चने स्वतःला अभयस्थान घोषित केले. पाळक जॉन फाइफ यांनी ही गोष्ट लपविली नाही. शासनाला पत्र लिहून ती आधीच कळविली. त्यांचे सहकारी, क्वेकर पंथीय जिम कॉर्बेट यांनी पुढे अशी भूमिका मांडली की, कायदा आपण मोडत नसून शासनच मोडत आहे. आपण तो पाळत आहोत. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि यहुदी अशी शेकडो उपासनास्थळे चळवळीत सामील झाली.

शासनाने प्रार्थनासभांत खबरे पाठवून संभाषणे ध्वनिमुद्रित केली. १ मे १९८६ रोजी आठ जण दोषी ठरले. त्यांत कॅथलिक धर्मगुरू व धर्मभगिनीही होत्या. मात्र कोणालाही तुरुंगवास झाला नाही. पुढे चर्च संघटनांनी दाखल केलेल्या दाव्यात १९९१ साली तडजोड झाली आणि नाकारलेल्या अर्जांवर नव्याने निष्पक्ष सुनावणी करण्याचे शासनाने मान्य केले. रोमेरो यांना २०१८ साली संतपद बहाल झाले.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. चर्च, शाळा व रुग्णालयांत शक्यतो धरपकड न करण्याचे अमेरिकन धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आले.

सीमा नसाव्यात, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. राष्ट्राला प्रवेशाचे नियम करण्याचा अधिकार आहे आणि येणाऱ्याने ते पाळावेत, असे कॅथलिक श्रद्धाग्रंथ सांगतो. परंतु संपन्न राष्ट्रांनी शक्य तितक्या परक्यांना सामावून घ्यावे, हे कर्तव्यही तो त्याच परिच्छेदात सांगतो. यातील एकच बाजू उचलणे आपल्याला शोभणारे नाही. म्हणून कोणाला ‘बेकायदेशीर’ म्हणण्यापूर्वी आपण एवढे तरी विचारावे : त्याचे गाऱ्हाणे कोणी निष्पक्षपणे ऐकून घेतले आहे काय?