रिफ्लेक्स बॅग : डोळा, मेंदू आणि मनगट

पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणारी, पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले राहात्यासारख्या तालुक्याच्या गावात नेहमीच दिसतात. धावणे, दंड-बैठका, दोरीवरच्या उड्या यांच्या जोडीला आता घरच्या गच्चीवर एक नवी वस्तू येऊ लागली आहे. जड बैठक, तिच्यातून वर आलेला दांडा, दांड्याच्या बुडाशी स्प्रिंग आणि टोकाला नारळाहून थोडा मोठा चेंडू. हीच रिफ्लेक्स बॅग. ठोसा मारला की चेंडू मागे झुकतो आणि उसळून परत येतो. छताला हूक लागत नाही, भिंतीला भोक पाडावे लागत नाही, त्यामुळे भाड्याच्या खोलीतही ती चालते. मोबाइलवरून मागवली की घरपोच मिळते. तिच्यासोबत मिळत नाही तो उस्ताद, आणि बहुतेक दुखापतींचे मूळ तिथेच आहे.

आधी नावाबद्दल. ‘रिफ्लेक्स’ म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने टकटक करतात आणि पाय आपोआप उडतो, ती खरी प्रतिक्षिप्त क्रिया. त्यात निरोप मेंदूकडे विचारायला जातच नाही. मज्जारज्जूतूनच स्नायूला हुकूम सुटतो आणि या सगळ्याला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. येणारा चेंडू पाहून हात उचलणे हे वेगळे काम आहे. डोळ्याने पाहायचे, मेंदूने ओळखायचे, ठरवायचे आणि मग स्नायूंना कळवायचे. दिवा लागलेला दिसताच बटण दाबा, एवढ्या साध्या कामालाही निरोगी तरुण माणसाला सेकंदाचा साधारण चौथा ते पाचवा भाग लागतो. आवाजाला थोडा कमी. शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालेला धावपटू चुकीची सुरुवात केली म्हणून बाद होतो, तो याच हिशोबाने. त्याने आवाज ऐकून नव्हे, अंदाजाने पाय उचलला असे धरले जाते.

मग महिनाभर सराव केलेल्या मुलाचे हात विजेसारखे कसे चालतात? उत्तर चेंडूच्या चालीत आहे. स्प्रिंगवरचा चेंडू बराचसा घड्याळाच्या लंबकासारखा वागतो. ठोसा जोरात मारला तर तो लांब जातो, पण परतायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही. म्हणजे त्याला ठरलेला ताल आहे. मेंदू, त्यातही मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू, असा ताल पकडण्यात फार हुशार. काही दिवसांत हात चेंडू दिसण्याची वाट पाहत नाही. तो कधी येणार हे आधीच ठाऊक असते. तबलजीचा हात सम शोधत बसत नाही, तसेच. हे कौशल्य खरे आहे, त्यात फसवणूक काही नाही. पण ते त्या चेंडूपुरते आहे. रस्त्यात अचानक समोर आलेल्या कुत्र्यापुढे ब्रेक लवकर लागेल, असे त्यावरून समजू नये. रिंगणातल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याचा खांदा, कंबर, पाय पाहून ठोशाचा अंदाज घ्यावा लागतो आणि चेंडूला खांदा नसतो.

म्हणून ताल जमला की तो मोडावा. दांड्याची उंची बदलली की परतीचा वेळ बदलतो. एका जागी उभे न राहता बॅगभोवती फिरावे, कधी चेंडूच्या बगलेवर मारावे, कधी ठोसा न मारता फक्त डोके बाजूला घेऊन चेंडू चुकवावा. असे केले तर डोळा आणि हात यांचा मेळ, तोल आणि पावलांची चपळाई या तिन्हींना काम मिळते.

व्यायाम म्हणून मात्र या बॅगेची बाजू भक्कम आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा हॉटेलच्या काउंटरवर उभे राहणाऱ्याला संध्याकाळी गच्चीवर वीस मिनिटे मिळाली, तरी ती कामाची आहेत. स्पर्धेतली फेरी तीन मिनिटांची असते. नवख्याने तीस सेकंद मारावे आणि तेवढीच विश्रांती घ्यावी. दोन फेऱ्यांच्या मधे एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. प्रत्येक ठोशाला तोंडाने श्वास सोडायचा. दम कोंडून मारल्यास रक्तदाब झटकन चढतो आणि चाळिशीनंतर ही गंमत नाही. चालताना छातीत दाटून येत असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल, तर बॅगेपूर्वी दवाखाना. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सराव करू नये. आणि मधुमेहामुळे तळव्यांना बधिरता असेल, तर एप्रिल-मेमध्ये तापलेल्या गच्चीवर अनवाणी मुळीच उभे राहू नये. फोड आलेला कळतही नाही.

राग काढायला बॅग चांगली, हा समज मात्र सोडलेला बरा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आधी त्यांना चिडवण्यात आले. मग काहींनी चिडवणाऱ्याचा विचार करत बॅगेवर ठोसे मारले, काहींनी व्यायामाचा विचार करत मारले आणि काही नुसते बसून राहिले. चिडवणाऱ्याला आठवत ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त उरला. नुसते बसणारे त्यांच्यापेक्षा शांत होते.

बॉक्सिंगवरचा वैद्यकशास्त्राचा मोठा आक्षेप डोक्यावरच्या माराला आहे. हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच मार खाऊन खाऊन झिंगल्यासारखे चालणाऱ्या मुष्टियोद्ध्यांबद्दल लिहिले होते. घरच्या बॅगेत हा धोका नाही. उलट, २००६ मध्ये इंडियानापोलिस शहरात स्कॉट न्यूमन या कंपवात झालेल्या वकिलाने याच आजाराच्या रुग्णांसाठी मार न खाता करायच्या बॉक्सिंगचे वर्ग सुरू केले आणि ते पुढे अनेक ठिकाणी पोहोचले. तोल आणि चालणे यांना त्याचा उपयोग होतो असे लहान अभ्यासांत दिसले आहे. इतर नियमित व्यायामांपेक्षा ते सरस ठरल्याचे दिसलेले नाही. घरात कंपवाताचा रुग्ण असेल, तर शेजारी कोणी उभे असल्याशिवाय हा प्रयोग नको.

बैठकीचे वजन हा वरवर किरकोळ वाटणारा, पण महत्त्वाचा मुद्दा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तेवढ्याच कोरड्या वाळूचे साधारण दीड किलो. त्यामुळे वाळू चांगली. अर्थात, नगर जिल्ह्यात वाळू बांधकामालाच सहज मिळत नाही, तिथे बॅगेला कुठून आणायची हा प्रश्न आहेच. पाणी भरले तर झाकण गळत नाही ना, हे रोज पाहावे. ओल्या फरशीवर बैठक सरकते आणि मारणाराही. खाली रबरी चटई हवी. चेंडू उसळून तोंडावर येतो, म्हणून चष्मा काढून ठेवावा. मोठा चष्म्याचा नंबर असणारे आणि नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बॅगेसमोर उभे राहू नये. लहान मुलांना दांड्याच्या टप्प्याबाहेर ठेवावे.

आता हात. चेंडू हलका असल्याने नुसत्या हाताने मारायला हरकत नाही असे वाटते, पण नेम चुकला की मूठ दांड्यावर किंवा चेंडूच्या कडेवर आदळते. करंगळीमागे तळहातात जे लांब हाड असते, ते मानेपाशी बारीक असते आणि तिथेच मोडते. या मोडण्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, पण ते तालमीतल्या बॉक्सरपेक्षा रागाने भिंतीवर मूठ मारणाऱ्यांतच अधिक दिसते. कारण शिकलेला खेळाडू तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांवर ठोसा घेतो, न शिकलेला करंगळीच्या बाजूवर. अंगठा मुठीच्या आत कधीच नको. तो बाहेर, दुमडलेल्या बोटांवर आडवा. मूठ वळल्यावर हाताच्या मागच्या बाजूवर फूटपट्टी ठेवली, तर ती मनगटावरून सपाट बसली पाहिजे. बाजारात मिळणारी १८० इंची पट्टी मनगटाला आणि पेरांना गुंडाळून वर हातमोजे घालावेत. अंगठी, कडे काढावे. कोपर शेवटपर्यंत ताणून कुलूप लावू नये. चेंडू हुकला की तोच झटका सांध्यात बसतो.

पेर खोल गेल्यासारखे दिसले, हाताच्या मागे सूज आली किंवा मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढू लागले, तर मालिश किंवा हाडवैद्याची ओढाताण नको. त्याच दिवशी एक्स-रे काढावा. यातली बरीचशी हाडे तीन-चार आठवड्यांच्या आधारपट्टीने जुळतात. पण फिरलेले बोट तसेच जुळले तर मूठ नीट बसत नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीला उभे राहणाऱ्या मुलासाठी ही साधी गोष्ट नाही. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर आणखी सावध राहावे. तिथल्या लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, त्याचा रक्तपुरवठा अपुरा असल्याने ते जुळायलाही आळशी. अशा वेळी एक्स-रे चांगला आला तरी मनगटाला आधार देऊन ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. तोपर्यंत बॅग कोपऱ्यात.